टिंब की धूळ?

धंतोलीतल्या घरी जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन केलेली पाने तपासताना मला टिंबांचा धाक वाटतो. ‘नांव’, ‘कांहीं’ यांतले अनुच्चारित अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी गेले; त्याआधीच्या छपाईत ते जागोजाग आहेत. टिंब हरवले की त्या काळाचे लेखन हरवते.

मॉनिटर कॅलिब्रेट केलेला नसेल, तर डोळ्यांवर विसंबू नये. करड्या छटांच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये प्रत्येक बिंदूला ० (काळा) ते २५५ (पांढरा) असा आकडा असतो. फार उजळ पडद्यावर २५० आणि २५५ सारखेच पांढरे दिसतात. फाइलमधले आकडे मात्र पडदा बदलला तरी तेच राहतात. म्हणून फाइलची प्रत काढून तिच्यातल्या उजळ छटा मुद्दाम गडद कराव्यात. पुसट टिंब उमटले, तर दोष पडद्याचा. त्या जागी नुसते २५५ असतील, तर टिंब स्कॅन करतानाच गेले. प्रत्येक पानावर त्याच जागी टिंब असेल, तर ती काचेवरची धूळ.

एकदा मी ही तपासणी पुस्तक परत केल्यावर केली. पुन्हा मागायला गेलो, तेव्हा त्याची पाने हात लावताच तुटत होती. आता आधी आकडे पाहतो, मगच पुस्तक परत करतो.