एक्सएसएलटी: पान कोरं का येतं, उशिरा का येतं?

मागच्या भागात आपण एक्सएमएल फाइलला स्टाइलशीट लावून एचटीएमएल पान कसं काढायचं ते पाहिलं. त्यावर बहुतेक प्रश्न दोनच आले: पान कोरं येतं, नाहीतर येतच नाही.

उदाहरण घेऊ माजी सैनिकांच्या संघटनेच्या नोंदवहीचं. समजा १०,००० सभासद आणि वर्गणीच्या ४०,००० नोंदी आहेत. याच यादीवरून मदतनिधी वाटला जाणार. एक नाव गळलं, तर एखाद्या वीरपत्नीच्या घरी पैसे पोहोचणार नाहीत. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी अचूकपणा, मग वेग.

पहिलं काम, पाचच सभासदांची छोटी फाइल करून चालवा. पान कोरं आलं, किंवा टॅगविना नुसता मजकुराचा ढीग आला, आणि एररही नाही, तर पहिला संशय नेमस्पेसवर. मूळ फाइलच्या पहिल्या टॅगमध्ये ‘एक्सएमएलएनएस’ आहे का बघा. असेल, तर तिथला ‘सभासद’ आणि तुमच्या स्टाइलशीटमधला नुसता ‘सभासद’ हे प्रोसेसरच्या लेखी दोन वेगळे इसम. एकाच नावाचे दोन जवान वेगळ्या पलटणींत असावेत तसं. टेम्प्लेट जुळत नाही आणि प्रोसेसर तक्रारही करत नाही. उपाय: तोच नेमस्पेस स्टाइलशीटमध्ये उपसर्गासह जाहीर करा आणि टॅगच्या प्रत्येक नावाआधी तो उपसर्ग लावा. उपसर्ग कोणताही चालेल; नेमस्पेसचा पत्ता अक्षरन् अक्षर तोच हवा.

एरर आलाच, तर आवृत्ती तपासा. एक्सएसएलटी १.० आली १९९९ मध्ये, २.० आली २००७ मध्ये. गट पाडणारी ‘फॉर-ईच-ग्रुप’ ही सूचना २.० पासूनची. एक्सएसएलटीप्रॉकला फक्त १.० कळते, तिथे ही सूचना चालणार नाही. त्यासाठी सॅक्सन वापरा.

आता वेग. अंदाज बांधू नका, मोजा. एक्सएसएलटीप्रॉकला ‘प्रोफाइल’ हा पर्याय दिला, की कोणतं टेम्प्लेट किती वेळा चाललं आणि त्याने किती वेळ खाल्ला, याचा तक्ता मिळतो. बहुधा गुन्हेगार असतात दोन तिरक्या रेघा, //. प्रत्येक सभासदाची वर्गणी // लावून शोधली, तर दर वेळी अख्खी फाइल पालथी घातली जाऊ शकते. १०,००० गुणिले ४०,०००, म्हणजे ४० कोटी तुलना! खूण सोपी आहे: सभासद आणि वर्गण्या दोन्ही दुप्पट केल्या, की वेळ चौपट होतो.

यावर औषध म्हणजे ‘एक्सएसएल:की’. स्टाइलशीटच्या वरच्या पातळीवर ती लिहून वर्गण्यांची सभासद क्रमांकानुसार सूची करा, आणि टेम्प्लेटमध्ये ‘की’ फंक्शनने हवी ती नोंद मागा. सूची एकदाच बनते; पुढे प्रत्येक सभासदासाठी सगळी फाइल चाळावी लागत नाही.

शेवटी हजेरी घ्या. ‘काउंट’ फंक्शनने मूळ फाइलमधले सभासद मोजा, मग पानावरच्या ओळी मोजा. आकडे जुळल्याशिवाय यादी पुढे पाठवू नका. पान झटकन आलं, याचा अर्थ ते पूर्ण आलं असा होत नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद!