घड्याळाच्या पाठीवरचे चार आकडे

आपल्या घरांतील जुनी भांडी पालथी घातली की घराण्याचा इतिहास वाचावयास मिळतो. कोणाच्या लग्नात कोणी काय दिले, कोणत्या साली दिले, हे तांब्याच्या बुडाशी किंवा परातीच्या काठावर टिंबाटिंबांनी नोंदलेले असते. घड्याळ पालथे घालून पाहण्याची सवय मात्र आपणांस नाही. वस्तुतः तेथेही मजकूर असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या सुमारास, बारा स्विस कारखान्यांनी ब्रिटिश सैन्यासाठी जी मनगटी घड्याळे पुरविली, त्यांच्या पाठीवर बाणाची खूण, तीन डब्ल्यू आणि क्रमांक असत. मनगट सैनिकाचे असले तरी घड्याळ सरकारचे, असा त्या बाणाचा अर्थ.

आम्हांला नेमके याच्या उलट लिहावयाचे होते. बेळगावच्या आमच्या शाळेतील शिपाईमामा २०२४ साली निवृत्त व्हावयाचे होते. सदतीस वर्षे शाळेची घंटा त्यांच्या हातची. आम्ही येथे रुजू झालो तेव्हा वेळापत्रक आम्हांला त्यांनीच समजावून दिले होते. शिक्षकांनी वर्गणी काढून स्टीलचे एक साधे मनगटी घड्याळ घेतले आणि त्यावर मामांच्या नेमणुकीचे साल, १९८७, घालावे असे ठरले. लेसरने हे काम चटकन झाले असते. पण उद्यमबागेत यंत्रशाळा चालविणारा आमचा एक माजी विद्यार्थी हट्टाला पेटला. "सर, मामांचं मी हातानं ठोकणार. त्यांनी मला किती वेळा कुंपणावरून खाली उतरवलंय!"

त्याच्या टेबलावर ठशांची लहानशी पेटी होती. बोटाएवढ्या पोलादी कांड्या, प्रत्येकीच्या टोकाला एकेक उलटा आकडा. मोजल्या तर नऊच भरल्या. इंग्रजी सहा फिरवला की नऊ होतो, म्हणून दोहोंना मिळून एकच ठसा. आमचा मराठी सहा असल्या कोलांट्या मारीत नाही, असे आम्ही अभिमानाने म्हणालो आणि सरावाच्या पत्र्यावर स्वतः साल ठोकून पाहिले. उमटले १६८७! मामांची नेमणूक थेट संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत जाऊन बसली.

घड्याळाचे झाकण प्रथम काढून घ्यावे लागते. आतील तोलचक्राच्या आसाची टोके केसाहूनही बारीक असतात. हातोड्याचा हादरा त्यांना सोसत नाही. मग झाकणाच्या आतल्या बाजूस नेमका बसेल असा पितळेचा ठोकळा खाली ठेवावयाचा. आधार पोकळ राहिला तर झाकण आत दबते, किंवा त्याची कड वाकून रबरी कडी नीट बसत नाही आणि पहिल्याच पावसात पाणी शिरते. ओळ सरळ यावी म्हणून त्याने चिकटपट्टीची कड लावली आणि ठसा तिला टेकवून धरला.

खरी अडचण धातूच्या स्वभावात आहे. घड्याळासाठी पुष्कळदा ३१६ एल जातीचे स्टील वापरतात. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. घामाने ते सहसा गंजत नाही. पण त्याची एक खोड आहे. घाव बसला की त्या जागी ते अधिक कठीण होते. पितळ दुसऱ्या घावालाही वळते. हे स्टील पहिल्या घावानंतर हट्टाला पेटते. शिवाय उचललेला ठसा पुन्हा त्याच खाचेत केसभरही न हलता बसविणे जवळजवळ अशक्य. आकड्याला दुसरा आकडा चिकटतो. म्हणून ठसा अगदी उभा, मूठ घट्ट आणि घाव एकच. शाळेत आम्ही पाटीवर लिहावयास शिकविले. पाटी पुसता येते.

त्याने एक, नऊ, आठ असे तीन घाव घातले. तिन्ही आकडे ठसठशीत. मग हातोडा आमच्यापुढे केला. "सर, सात तुमचा."

पत्र्यावर निर्धास्त चाललेला हात झाकणावर मात्र कचरला. सात उमटला, पण पुसट. खालचे टोक तर जेमतेम दिसत होते. आम्ही पुन्हा हातोडा उचलला तसा त्याने मनगट धरले. "राहू दे सर. आता हात लावला तर बिघडंल." ज्याचा हात धरून आम्ही बाराखडी गिरवून घेतली होती, त्याने आमचा हात धरावा याचे वैषम्य वाटले नाही असे म्हणवत नाही.

निरोपाच्या दिवशी मामांनी घड्याळ उलटे केले आणि आकड्यांवरून अंगठा फिरविला. शेवटच्या आकड्यावर तो थांबला.

"हा सात कुणी घातला?"

माजी विद्यार्थी छताकडे पाहू लागला. "आम्ही," आम्ही म्हणालो.

मामा काहीच बोलले नाहीत. घड्याळ मनगटावर बांधून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले.

"सर, ऑफिसातलं दोन मिनिटं मागं आहे की," असे म्हणत ते घंटा द्यावयास बाहेर पडले.