चक्रे आणि भावना : थोडक्यात

• मांडणी : पूर्णानंदांच्या ‘षट्चक्रनिरूपणा’त (१५७७) कण्यालगत सहा चक्रे आणि माथ्यावर सहस्रार.

• पाकळ्या : मूलाधार ४, स्वाधिष्ठान ६, मणिपूर १०, अनाहत १२, विशुद्ध १६, आज्ञा २. बेरीज ५०, प्रत्येकीवर एक वर्ण.

• भावना : देवगिरीच्या यादव दरबारातील शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त पाकळ्यांना मनोवृत्ती जोडल्या. नाभीच्या मणिपुरात मत्सर, लाज, भय. हृदयाच्या अनाहतात आशा, चिंता, विवेक.

• रंग : इंद्रधनुष्याचे सात रंग ही विसाव्या शतकातील पाश्चात्त्य भर.

• शरीरशास्त्र : शवविच्छेदनात चक्रे दिसत नाहीत, ती ध्यानासाठीची स्थाने आहेत.

• लक्षात ठेवा : उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर ध्यानावरच विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारी ‘टेली-मानस’ हेल्पलाइन : १४४१६.