दारूबंदीसाठी लढणाऱ्या महिलांनी शिकागोत बारा मजली इमारत बांधली, तिचं पुढे काय झालं?

गावात दारूचं दुकान नको म्हणून महिला एकत्र येतात, तेव्हा पहिला प्रश्न असतो, बसायचं कुठं? कधी देवळाचा मंडप, कधी शाळेची खोली. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या महिलांपुढेही हाच प्रश्न होता.

डिसेंबर १८७३ मध्ये ओहायो राज्यातल्या हिल्सबरो गावच्या महिला चर्चमध्ये जमल्या आणि तिथून थेट दारूच्या गुत्त्यांवर गेल्या. तिथं प्रार्थना करायची, मालकाला धंदा बंद करण्याची विनवणी करायची, ही त्यांची रीत. नवऱ्याची कमाई दारूत जायची, हाल बायकापोरांचे व्हायचे. मत द्यायचा हक्क तर नव्हताच.

चळवळ पसरली आणि १८७४ मध्ये ‘वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ ही देशव्यापी संघटना झाली. १८७९ पासून अध्यक्ष असलेल्या फ्रान्सिस विलर्ड यांनी दारूबंदीला मताधिकाराची जोड दिली.

आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. जन्म आजच्या कर्नाटकातला, लेखन मराठीत. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर पुस्तक लिहिलं, त्यातून या संघटनेची ओळख मराठी वाचकांना झाली.

मॅटिल्डा कार्स यांच्या पुढाकारानं १८९२ मध्ये शिकागोत ‘वुमन्स टेम्पल’ उभी राहिली. नावात ‘टेम्पल’ असलं तरी ती ऑफिसांची इमारत. सभांसाठी तिच्यात विलर्ड हॉल होता. बाकीची जागा भाड्यानं द्यायची, त्यातून कर्ज फेडायचं आणि चळवळही चालवायची, असा हिशेब होता.

पण १८९३ मध्ये अमेरिकेत मंदी आली. भाडं पुरेना, कर्ज फिटेना. १८९८ मध्ये विलर्ड वारल्या आणि त्यानंतर संघटनेनं इमारतीतून अंग काढून घेतलं. १९२६ मध्ये ती पाडण्यात आली.

संघटना मात्र थांबली नाही. शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन गावातून, जिथं विलर्ड यांचं साधं घर होतं, तिचा कारभार चालू राहिला. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू झाली, त्याच वर्षी महिलांना देशभर मताधिकार मिळाला. दारूबंदी १९३३ मध्ये उठली, मताधिकार टिकला.

महाराष्ट्रात आज महिलांच्या मतदानातून गावातली ‘बाटली आडवी’ करता येते. त्यासाठी आधी महिलांना एकत्र बसून ठरवावं लागतं. तेव्हा हक्काची जागा हवीच, पण तिचा खर्च चळवळीला झेपेल एवढाच असावा.