घरच्या डब्यात मिरचीचे पीक

माल विकून मिळतो तो नफा, तसाच घरखर्चात वाचतो तोही नफाच. आपल्याकडे मिरचीशिवाय सालन होत नाही आणि ठेचा तर नाहीच. करमाळ्यासारख्या कमी पावसाच्या गावात उन्हाळ्यात हिरव्या मिरचीचा भाव चढला की रोजंदारीवरील कारागिराला तो जाणवतो. शेत नसले तरी अंगणात किंवा सिमेंटच्या गच्चीवर चार-पाच रोपे सहज वाढतात. मातीच्या माळवदावर मात्र कुंड्या ठेवू नयेत. ओल झिरपून लाकूड कुजते.

तेलाचा 15 किलोचा रिकामा डबा एका रोपास पुरतो. तळाला चार-पाच भोके पाडून त्यांवर खापरीचे तुकडे ठेवावेत. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू मिसळून डबा भरावा. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात.

'पुसा ज्वाला' किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले ज्योती' हे वाण चांगले. जूनमध्ये बी टाकावे. आठ-दहा दिवसांत ते उगवते. पाच-सहा आठवड्यांनी रोप डब्यात लावावे. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत हिरवी मिरची हाती येते. ती वरचेवर तोडत राहावे, म्हणजे नवी फुले येतात.

पाण्याची नासाडी करू नये. बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. कोरडे लागले तरच सकाळी पाणी द्यावे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा फुले गळतात. अशा वेळी दुपारी रोपांवर पातळ सुती कापडाची सावली धरावी. दुकानातले उरलेले तुकडेही चालतात.

पाने आकसून मुरडली तर तो चुरडा-मुरडा, म्हणजेच बोकड्या. फुलकिडे, कोळी व पांढरी माशी यांच्यामुळे तो होतो. 50 ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावी. फार मुरडलेले रोप उपटून टाकावे. एकाच्या लोभाने बाकीची जातात.

हंगाम संपला तरी झाड फेकू नये. फांद्या छाटून शेणखत घातल्यास तेच झाड पुन्हा फुटते. एकदा केलेल्या मेहनतीची अशी दुसऱ्या वर्षीही बरकत मिळते.