विश्लेषण : ‘आयईएलटीएस’मध्ये लेखन आणि संभाषणाचेच गुण का अडतात?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीकर कौतुकाने सांगतात. आता जिल्ह्यातील काही तरुण खरोखरच जर्मनी, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठांत अर्ज करू लागले आहेत. कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेले आहेत, अभियांत्रिकीचे आहेत, नर्सिंगचे आहेत. त्यांच्या वाटेत एक परीक्षा हमखास येते, ती म्हणजे ‘आयईएलटीएस’, बोलीभाषेत ‘आयल्ट्स’. यात ऐकणे आणि वाचणे या विभागांत मराठी माध्यमातील विद्यार्थीही चांगले गुण मिळवू शकतात, पण लेखन आणि संभाषणात अर्ध्या गुणासाठी गाडी अडते. हा अर्धा गुण नेमका कुठे जातो आणि तो कसा मिळवता येतो, याविषयी…

परीक्षेचे स्वरूप काय?

इंग्रजी किती येते हे मोजणारी ही परीक्षा १९८९ पासून घेतली जाते. ऐकणे, वाचणे, लेखन आणि संभाषण असे तिचे चार भाग. प्रत्येक भागाला ० ते ९ या पट्टीवर गुण मिळतात, त्याला ‘बँड’ म्हणतात. अर्धा बँडही दिला जातो. चारही भागांची सरासरी म्हणजे एकूण बँड. सरासरी ६.२५ आली तर ती ६.५ धरतात, ६.७५ आली तर ७.

ऐकण्याचे ४० आणि वाचनाचे ४० प्रश्न असतात. त्यांची उत्तरे बरोबर किंवा चूक एवढेच मोजले जाते. लेखन आणि संभाषण मात्र प्रशिक्षित परीक्षक तपासतात. लेखनासाठी ६० मिनिटे आणि दोन प्रश्न. संभाषण ११ ते १४ मिनिटांचे, परीक्षकाशी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर.

अर्ध्या बँडने काय बिघडते?

समजा, जिंतूरच्या एका विद्यार्थिनीला ऐकण्यात ७.५, वाचनात ७, संभाषणात ६ आणि लेखनात ५.५ बँड मिळाले. बेरीज २६, सरासरी ६.५. घरी पेढे वाटले जातील. पण अनेक विद्यापीठांची पदव्युत्तर प्रवेशाची अट ‘एकूण ६.५ आणि कोणत्याही भागात ६ पेक्षा कमी नको’ अशी असते. म्हणजे एकूण गुण पुरेसे असूनही लेखनातील ५.५ मुळे अर्ज मागे पडतो. याच विद्यार्थिनीला लेखनात ६ मिळाले असते, तरी एकूण बँड ६.५ च राहिला असता, पण प्रवेशाचे दार उघडले असते.

पुन्हा परीक्षा द्यायची तर शुल्क १७-१८ हजार रुपयांच्या घरात जाते. शिवाय मोठ्या शहरातील केंद्रापर्यंतचा प्रवास, मुक्काम आणि हुकलेली प्रवेशाची मुदत. सोयाबीन-कापसाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात हा खर्च लहान नाही. त्यामुळे ‘पुन्हा एकदा देऊन बघू’ म्हणण्याआधी गुण कशामुळे गेले, हे समजून घेणे गरजेचे ठरते.

गुण नेमके कशाला मिळतात?

लेखन चार निकषांवर तपासले जाते आणि चारही निकषांचे वजन सारखे असते. विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर दिले का, मुद्द्यांची मांडणी सलग आहे का, शब्द नेमके आहेत का आणि व्याकरण किती विविध व अचूक आहे, हे ते चार निकष. संभाषणातही चार निकष : ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. प्रत्येक बँडला काय अपेक्षित आहे, याचे वर्णन परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहे. तयारीची सुरुवात ते वाचण्यापासून व्हावी.

या यादीत ‘भारी शब्द’ किंवा ‘साहेबी उच्चार’ असा निकष नाही. मत कोणते मांडले, यालाही गुण नाहीत. मत स्पष्ट आहे का आणि त्याला आधार दिला आहे का, हे पाहिले जाते.

मराठी माध्यमाचे विद्यार्थी कुठे अडतात?

राज्यात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. म्हणजे आज तिशीच्या आतील बहुतेकांनी किमान दहा वर्षे इंग्रजी विषय शिकलेला आहे. पण या वर्षांत सवय लागली ती गाईडमधून उत्तर पाठ करण्याची. निबंध पाठ, पत्र पाठ, कवितेचे रसग्रहणही पाठ. बोर्डाच्या परीक्षेत ते चालून गेले. इथे तीच सवय आड येते. पाठ केलेले उत्तर परीक्षकाच्या लगेच लक्षात येते, कारण ते विचारलेल्या प्रश्नाला नीट लागू पडत नाही. क्लासमधून मिळणारे तयार साचेही याच प्रकारात मोडतात.

उदाहरण घ्या. ‘तरुण खेडी सोडून शहरात जात आहेत. याची कारणे कोणती आणि त्यावर उपाय काय?’ असा प्रश्न आला. विद्यार्थ्याने ‘शहरीकरणाचे फायदे-तोटे’ पाठ केले आहे आणि तो तेच लिहितो. इंग्रजी चांगले असले, तरी कारणे अर्धवट आणि उपाय गायब. पहिल्या निकषावरच गुण जातात.

लेखनाचा बँड कसा वाढवायचा?

पहिली गोष्ट वेळेची. दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे किमान २५० शब्दांच्या निबंधाला, पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट वजन असते. त्यामुळे त्याला ४० मिनिटे आणि पहिल्याला २० मिनिटे ही विभागणी पाळावी. ४० मधील पहिली पाच मिनिटे फक्त आराखड्यासाठी आणि शेवटची पाच चुका शोधण्यासाठी ठेवावीत.

आराखडा साधा असावा. वरच्या प्रश्नासाठी चार परिच्छेद पुरतात : प्रस्तावना, कारणे, उपाय, समारोप. प्रत्येक परिच्छेदात एक मुख्य मुद्दा, त्याचे स्पष्टीकरण आणि एक ठोस उदाहरण. ‘शेती परवडत नाही’ एवढे लिहून थांबणारा मजकूर मोघम वाटतो. ‘ऑगस्टमध्ये तीन आठवडे पाऊस थांबला की सोयाबीनचे पीक हातचे जाते, मग घरातील एक मुलगा पुण्याच्या कंपनीत कामाला जातो’ हे लिहिले की मुद्दा उभा राहतो. असे उदाहरण पाथरी किंवा पालमच्या विद्यार्थ्याला शोधावे लागत नाही, ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. ते साध्या, बिनचूक इंग्रजीत लिहिता आले पाहिजे.

पहिला प्रश्न उच्च शिक्षणासाठीच्या परीक्षेत आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेचे किमान १५० शब्दांत वर्णन करण्याचा असतो. येथे सर्वांत जास्त विसरले जाते ते एकूण चित्र सांगणारे वाक्य : काय वाढले, काय घटले, सर्वांत मोठा फरक कोणता. आकडे एकामागून एक लिहीत गेले आणि हे वाक्य राहून गेले, तर बँड खाली येतो. आलेखात नसलेली कारणे किंवा स्वतःचे मत येथे लिहायचे नसते. नोकरी किंवा स्थलांतरासाठीच्या परीक्षेत याऐवजी पत्र असते. त्यात दिलेले तिन्ही मुद्दे आले पाहिजेत आणि मित्राला लिहितानाची भाषा अधिकाऱ्याला लिहिताना वापरू नये.

संगणकावर परीक्षा देणाऱ्यांना पडद्यावर शब्दसंख्या दिसते, पण स्पेलिंगची चूक दाखवली जात नाही. मोबाइलच्या ‘ऑटो करेक्ट’ची सवय झालेल्यांनी सराव ते बंद ठेवूनच करावा. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मिळवलेला ३० शब्दांचा वेग येथे पुरेसा आहे.

मराठीतून येणाऱ्या चुका कोणत्या?

काही चुका व्यक्तीच्या नसून भाषेच्या असतात. मराठीत ‘द’सारखे उपपद नाही, म्हणून इंग्रजीत ‘ए’ आणि ‘द’ सुटतात. ‘मी दहा वर्षांपासून परभणीत राहतोय’ याचे थेट रूपांतर ‘आय ॲम स्टेइंग इन परभणी सिन्स टेन इयर्स’ असे होते. ते ‘आय हॅव लिव्ह्ड इन परभणी फॉर टेन इयर्स’ असे हवे. ‘विषयी चर्चा’ डोक्यात असल्याने ‘डिस्कस अबाउट’ लिहिले जाते, तेथे ‘अबाउट’ नको. ‘तिथेच’मधल्या ‘च’साठी वाक्याच्या शेवटी ‘ओन्ली’ येतो, तोही नको.

यावर वहीचा उपाय चांगला. एका बाजूला आपले चुकलेले वाक्य, दुसऱ्या बाजूला दुरुस्त वाक्य. पंधरा निबंधांनंतर वही चाळली की त्याच पाच-सहा चुका पुन्हा पुन्हा दिसतात. शेवटच्या पाच मिनिटांत फक्त त्याच शोधायच्या. संपूर्ण व्याकरणाचे पुस्तक नव्याने वाचण्यापेक्षा यातून लवकर फरक पडतो.

संभाषणात भीती कशी घालवायची?

संभाषणाचे तीन टप्पे असतात. पहिल्या चार-पाच मिनिटांत घर, शिक्षण, आवडीनिवडी. दुसऱ्यात विषयाचे कार्ड मिळते, एक मिनिट विचाराला आणि मग एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे. तिसऱ्यात त्याच विषयावर खोलात चर्चा.

कार्डावर ‘पाण्याजवळचे एखादे ठिकाण’ असा विषय आला की अनेक जण कधीही न पाहिलेल्या परदेशी समुद्रकिनाऱ्याचे पाठ केलेले वर्णन सुरू करतात आणि तिसऱ्या वाक्याला अडखळतात. त्याऐवजी येलदरी धरण किंवा गंगाखेडचा गोदाकाठ निवडावा. कोणाबरोबर गेलो, काय पाहिले, पाणी किती होते, परत येताना काय झाले हे आठवून बोलता येते. आठवणीला क्रम असतो, त्यामुळे ओघ आपोआप येतो. प्रश्न ऐकू आला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करावी, गप्प बसू नये. एका शब्दाचे उत्तर देऊ नये. उत्तरामागे ‘का’ जोडण्याची सवय लावावी.

घरी करण्यासारखा एक जुना, खात्रीचा सराव आहे. एकाच विषयावर आधी चार मिनिटे, मग तीन, मग दोन मिनिटांत तेच बोलायचे. तिसऱ्या वेळी शब्द शोधण्यातला वेळ कमी झालेला असतो. बोलणे फोनवर रेकॉर्ड करावे आणि ऐकावे. गावात इंग्रजी बोलणारे कोणी नसेल, तर दोन मित्रांनी रोज एकमेकांना दोन मिनिटांचा इंग्रजी व्हॉइस मेसेज पाठवावा. त्याला खर्च नाही आणि लाजही वाटत नाही.

उच्चारांचे काय?

मराठी वळणाचा उच्चार असल्याने गुण कापले जात नाहीत. ऐकणाऱ्याला समजण्यात अडचण आली तर कापले जातात. मराठीत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आहेत, त्यामुळे ‘बॅट’ आणि ‘बेट’ यांतला फरक आपल्याला सहज जमतो. अडचण ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ची. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात. ‘थिंक’मध्ये जीभ दातांच्या मध्ये येते. त्याहून महत्त्वाचा आहे शब्दातला जोर. मराठीत अक्षरांवर साधारण सारखा भार देतो, इंग्रजीत तसे नसते. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, तर ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टो’वर. नवा शब्द शिकताना शब्दकोशाच्या ॲपवर उच्चार ऐकून जोर कुठे आहे ते वहीत खूण करून ठेवावे.

तपासणार कोण?

सराव करूनही गुण न वाढण्याचे मोठे कारण म्हणजे लिहिलेले कोणी तपासत नाही. महाविद्यालयातील इंग्रजीच्या प्राध्यापकांना आठवड्याला दोन निबंध वरील चार निकष दाखवून तपासायला द्यावेत. मोबाइलवरील ‘एआय’ साधने व्याकरणाच्या चुका दाखवतात, पण त्यांनी सांगितलेला बँड हा अंदाज असतो. आधी स्वतः लिहावे, मग साधनाला विचारावे. क्रम उलटा केला तर शिकणे साधनाचे होते, आपले नाही. निबंध दुरुस्त झाल्यावर तोच पुन्हा लिहून काढला तरच दुरुस्ती हाताला लागते.

एकाच भागात गुण कमी पडले तर?

संगणकावर परीक्षा दिलेल्यांना ६० दिवसांच्या आत फक्त एक भाग पुन्हा देण्याची सोय आहे. मात्र सर्वच संस्था ते निकालपत्र ग्राह्य धरत नाहीत, म्हणून आधी विद्यापीठाला ईमेल करून विचारावे. तपासणीबद्दल शंका असेल तर परीक्षेपासून सहा आठवड्यांत शुल्क भरून फेरतपासणी मागता येते, गुण बदलले तर ते शुल्क परत मिळते. निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो, हे लक्षात घेऊन परीक्षेची तारीख ठरवावी.

‘परीक्षा न देता प्रमाणपत्र’ किंवा ‘हमखास ७ बँड’ असे संदेश फोनवर आले तर सावध राहावे. विद्यापीठे निकालाची ऑनलाइन पडताळणी करतात. बनावट प्रमाणपत्रात पैसे जातातच, पुढचे प्रवेश आणि व्हिसाही धोक्यात येतात.

किती दिवस लागतात?

५.५ वरून ६ किंवा ६.५ वर जाणे हे आठवड्याभराचे काम नाही. दोन ते तीन महिने रोज दीड तास हाताशी असेल, तर त्यातील एक तास लिहिणे-बोलणे आणि अर्धा तास चुका दुरुस्त करणे अशी विभागणी करावी. पहिल्या महिन्यात घड्याळ न लावता, दुसऱ्यात वेळ लावून आणि शेवटचे दोन आठवडे पूर्ण सराव परीक्षा. प्रत्यक्ष परीक्षेचे शुल्क भरण्याआधी वेळ लावून लिहिलेले सलग तीन निबंध तपासणाऱ्याकडून हव्या त्या बँडचे ठरले पाहिजेत. तेवढे झाले की मगच नोंदणी करावी.