दुभंगलेला ओठ आणि मातापित्यांचे मन

मूल जन्मले की घरातील सर्वांची दृष्टी प्रथम त्याच्या मुखाकडे जाते. तेथे वरचा ओठ दुभंगलेला दिसला, तर आनंदाची जागा क्षणात भीती घेते. ओठ शस्त्रवैद्य जोडून देतो. परंतु मातापित्यांच्या मनाला धीर देणे हाही उपचाराचाच भाग होय.

प्रथम कारण पाहू. गर्भाचा चेहरा एकसंध घडत नाही. चौथ्या आठवड्यापासून त्याचे निरनिराळे उंचवटे वाढत एकमेकांकडे सरकतात व सांधले जातात. ओठाचा सांधा सुमारे ७ व्या, तर टाळूचा सुमारे १२ व्या आठवड्यापर्यंत पुरा होतो. तो अपुरा राहिला म्हणजे फट उरते. जगात साधारणतः ७०० जन्मांमागे एका बालकात हा दोष आढळतो. आनुवंशिकता, मातेचे धूम्रपान किंवा मधुमेह, अपस्मारावरील काही औषधे यांचा त्यात वाटा असू शकतो. पण पुष्कळदा निश्चित असे एक कारण दाखविता येत नाही.

आपल्या देशात मात्र ग्रहणाला, आणि ग्रहणात विळी किंवा सुरी हाती घेणाऱ्या मातेला, दोष दिला जातो. या समजुतीस शास्त्राचा आधार नाही. ओठाची घडण पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच संपते. सातव्या महिन्यातील ग्रहणात भाजी चिरल्याने सांधलेला ओठ पुन्हा दुभंगत नाही. ही गोष्ट मातेला, तिच्या सासूला व पतीलाही एकत्र बसवून सांगितली पाहिजे.

दुःख, राग, लाज, अपराधीपणा या भावना अशा वेळी स्वाभाविक आहेत. त्या वात्सल्याच्या अभावाची खूण नव्हेत. पित्यालाही त्या छळतात, परंतु तो बहुधा बोलत नाही. या दोघांचे म्हणणे कोणीतरी शांतपणे ऐकून घ्यावे.

दुसरा आधार कृतीचा. टाळू दुभंगलेल्या मुलाला नीट चोखता येत नाही व दूध नाकातून येते. मातेला वाटते, आपल्याला मूल पाजताही येत नाही. अशा वेळी परिचारिकेने शिकवावे: अंगावरचे दूध काढावे, मुलाला उभट धरावे, वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे आणि मध्ये ढेकर काढावी. मुलाचे वजन वाढू लागले की मातेचा धीरही वाढतो.

ओठाची शस्त्रक्रिया बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, तर टाळूची साधारणपणे दीड वर्षाच्या आत करतात. पुढे वाचा, कान व दात यांकडे लक्ष द्यावे लागते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाच्या मोफत उपचाराची तरतूद आहे. याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या मातापित्यांची भेट घडविल्यास पुष्कळ शंका मिटतात. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा मुलाकडे पाहवेनासे झाले, तर वैद्याचा सल्ला घ्यावा.

आप्तेष्टांनी एवढे करावे: मुलाचे तोंड झाकू नये, शस्त्रक्रियेसाठी नामकरण लांबवू नये. त्याला नावाने हाक मारावी व मांडीवर घ्यावे. मातापित्यांना याहून मोठा दिलासा नाही.